बटन कुणी दाबलं

"ओरडायला तुला कुणी शिकवलं?" केतकीनं विचारलं, आणि माझ्या नातीनं कॅमेऱ्यासमोर सरळ कांडीवालीकडं बोट केलं.

मी तिथंच होते. कारखान्याच्या दारात, नवं इरकल नेसून, खुर्ची टाकून, सकाळी सातपासून. आणि राजी म्हणते, "सोनाक्कानं. मागच्या पडीक रानात न्यायची मला. म्हणायची, पोटातनं काढ, घशातनं नको."

सोनाक्का सूत गुंडाळलेल्या कांड्यांच्या टोपलीशी बसून लाजत होती. पासष्टीची बाई, मिश्रीनं काळे पडलेले दात, आणि लाजते कसली! माझ्या अंगाचा भडका उडाला.

नऊ वर्षं झाली ह्याला. इचलकरंजीत आमचे बारा माग. नवरा पत्ते कुटणारा निघाला म्हणून सासऱ्याच्या मागं ते मी चालवले. शाळा माझी तिसरीपर्यंत, पण सुताचा भाव मला तोंडपाठ आणि माझं तोंड सगळ्या गल्लीला पाठ. मागाच्या गावात हळू कुणीच बोलत नाही. त्यातही माझा आवाज असा, की चार माग चालू असताना पाचव्या मागावरचा कामगार दचकायचा. सोनाक्का आमच्याकडं तीस वर्षं कांड्या भरत होती. तीस वर्षांत तिच्या तोंडून 'व्हय' आणि 'न्हाई' याच्यापलीकडं मी फारसं काही ऐकलं नव्हतं. आणि म्हणे हिनं ओरडायला शिकवलं.

राजी माझ्या विलासची पोरगी. पुण्याला शिकायला गेली आणि तिथं दोन मैत्रिणी जमवून तिनं बँड काढला. नाव ठेवलं 'धोटा'. मागात इकडून तिकडं आपटत जातो तो लाकडी धोटा. त्यांच्या गाण्याला पंक म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, मागाचा पट्टा तुटला.

"आज्जी, ह्यात गोड गायचं नसतंय," तिनं मला समजावलं होतं. "बाईनं गोडच गायचं, हळूच बोलायचं, हसूनच बसायचं, असं जे म्हणतात ना, त्यांच्या तोंडावर थुंकायचं असतंय."

"मग हे मी चाळीस वर्सं केलंय की."

ती खूप हसली होती. मला वाटलं, पटलं तिला. म्हणून मुंबईची केतकी अशा गाणाऱ्या पोरींवर फिल्म करायला निघाली आणि राजीचा आवाज आला कुठून ते बघायला आमच्या घरी येते म्हणाली, तेव्हा मी काही न बोलता इरकल काढून ठेवलं. आवाज कुठून आला हे काय विचारायचं? चार दिवस माग बंद ठेवायला मी हो म्हटलं तेही त्याचसाठी. दिवाळीलासुद्धा मी दोन दिवसांवर माग बंद ठेवले नाहीत.

पहिला दिवस सगळा सोनाक्कात गेला. तिच्या पदराला एक चिमटा लावला, त्यात माईक. ती कांडी भरताना कॅमेरा, चहा पिताना कॅमेरा, चप्पल शोधताना कॅमेरा. मी खुर्ची थोडी थोडी पुढं सरकवत नेली, तर केतकी गोड आवाजात म्हणाली, "आजी, जरासं बाजूला? उजेड अडतोय."

माझ्या कारखान्यात, माझ्यामुळं उजेड अडतोय.

दुसऱ्या दिवशी सोनाक्का अबोलीचा गजरा माळून आली.

"कुनाचं लगीन हाय गं?"

"न्हाई अक्का. त्या बाईनं सांगितलं, रोजच्यासारखी ये. म्हनून."

"रोज तू गजरा माळतीस व्हय?"

"आजपास्नं."

बघा! तीस वर्षांत मला उलटून न बोललेली बाई. कॅमेरा दोन दिवस बघितला आणि जीभ फुटली.

मग मी ठरवलं, माझा आवाज ह्यांच्या कानावर गेलाच पाहिजे. दारावर मेथीवाली आली. तिच्याशी मी असं भांडण काढलं, की समोरच्या माडीवरची माणसं गॅलरीत आली. जुडी केवढी, देठ केवढे, तुझ्या आईनं तुला हेच शिकवलं का, सगळं झालं. मेथीवालीही काही कमी नव्हती. एका डोळ्यानं मी आत बघत होते, कॅमेरा वळतोय का. कॅमेरा वळला नाही. त्यांचा तो आवाज रेकॉर्ड करणारा दाढीवाला मात्र बाहेर आला, कानावरचं यंत्र खाली केलं आणि तोंडावर बोट ठेवलं. मला.

मेथी घेऊन मी वर, कारखान्याच्या माडीवरच्या घरात गेले. स्वयंपाकघरात शालन चहा गाळत होती. शालन माझी सून, राजीची आई. विलास जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. ही निपाणीकडची, बारावी शिकलेली, आणि आवाज असा की शेजारी बसलं तरी 'काय म्हणालीस?' विचारावं लागायचं. मी सगळा राग मेथीवर काढला. ती म्हणाली, "ठेवा, मी निवडते," आणि चहाचा ट्रे घेऊन खाली गेली. दिवसातून पाचदा चहा लागायचा त्या लोकांना.

तिसऱ्या दिवशी दुपारी राजी जिन्यात गिटार जुळवत बसली होती. मी तिच्या वरच्या पायरीवर बसले.

"राजे, मला कधी विचारनार ती?"

"काय विचारायचं तुला?"

"हेच. आवाज कुनाचा."

"आज्जी, तू नको ह्यात पडू."

"सोनाक्का पडल्याली चालती?"

तिनं एक तार पिळली. "उद्या शेवटचं गाणं आहे. तुला ते आवडायचं न्हाई."

"तुझं कुठलं गाणं मला आवडलंय आजवर? तरी ऐकतेच की."

दुसरी वेळ असती तर हसली असती. त्या दिवशी खाली मान घालून तीच तार पुन्हा पुन्हा वाजवत राहिली. ही पोरगी दोन वर्षांची असताना मी तिला खांद्यावर घेऊन सूत बाजारात फिरले होते. तिचे दात, तिचा कपाळाला आठ्या घालायचा ढंग, सगळं माझं. मला तिच्याकडून चार शब्द हवे होते. 'हा आवाज माझ्या आज्जीचा.' एवढेच. ते चार शब्द त्या कांडीवालीच्या ओटीत गेले होते आणि का गेले ते मला कुणी सांगत नव्हतं.

चौथ्या दिवशी मागांच्या मधल्या वाटेत तिघी उभ्या राहिल्या. ड्रमवर सायमा, दुसऱ्या गिटारीवर पद्मजा, मधे माझी राजी. सोनाक्काला समोर पाट दिला. मला भिंतीकडं, कापडाच्या ताग्यांवर.

गाणं सुरू झालं. मधली कडवी मला कळली नाहीत, ती किंचाळण्यात आणि ड्रममध्ये गेली. पण एक ओळ फिरून फिरून यायची आणि ती ओळ तिघीही म्हणायच्या, गळ्याच्या शिरा ताणून:

बटन कुणी दाबलं?
बारा माग धावले, बटन कुणी दाबलं?

माझं ऊर भरून आलं. माझ्या कारखान्यावर गाणं! बारा माग म्हणजे माझेच. माझ्या नातीनं ते पुण्यात म्हटलं, मुंबईत म्हटलं, आता ते फिल्ममध्ये जाणार.

गाणं संपलं. केतकीनं कॅमेरा वळवला तो सोनाक्काकडं. "मावशी, तुम्ही सांगा. बटन कोण दाबायचं?"

सोनाक्कानं माझ्याकडं बघितलं, मग पाटाकडं. "मला न्हाई ठावं."

तीस वर्षं रोज जे डोळ्यांनी बघितलं ते हिला ठाऊक नाही! आणि तरी विचारायचं हिलाच! मी उठले.

"तिला काय इचारताय? तिनं कधी त्या बटनाला बोट लावलंय? हिकडं फिरवा तो कॅमेरा. मी दाबलं. बत्तीस वर्सं मीच दाबलं. नवऱ्याला हात लावू दिला न्हाई, पोराला लावू दिला न्हाई. ह्या घरात बटन दाबायचं ते मी. नाव लिवून घ्या, शेवंता दत्तू वरुटे!"

 कॅमेरा आता माझ्याकडंच होता, चांगला नाकासमोर. सोनाक्कानं पदर तोंडाला लावला होता. राजीची गिटार नुसतीच घुमत होती, तिनं हात ठेवून ती थांबवली.

"आज्जी," ती म्हणाली, "दुपारी एकपासून दोनपर्यंत कामगार जेवायला जायचे. माग बंद असायचे. त्या वेळी पण तूच?"

तेव्हा मला मधली कडवी कळली.

विलास दुपारचा पिऊन यायचा. शालनवर हात टाकायचा. त्यांच्या खोलीतनं पहिला आवाज आला, की मी जिना उतरून कारखान्यात जायचे आणि मोठं बटन दाबायचे. बारा माग एकदम सुटले की गल्लीला दुसरं काही ऐकू जात नसे. वरचं थांबलं असं वाटलं की बंद करायचे. माणूस उभा नसलेल्या मागावर धाग्यांचं वाटोळं व्हायचं. कामगार दोनला परत येऊन मुकाट गाठी मारत बसायचे. कुणी कधी विचारलं नाही. आमच्या गल्लीत असं करणारी मी एकटी होते, असंही नाही.

"बारा माग सुटले की सोनाक्का मला उचलून पडीक रानात न्यायची," राजी सांगत होती, आता कॅमेऱ्याला नव्हे, मला. "म्हणायची, ओरड. मी ओरडत ऱ्हायले की मला घरातलं ऐकू यायचं न्हाई."

"मग काय करायचं हुतं मी?" माझा आवाज चढला. "माझ्या टायमाला हातमाग हुता. त्याचा आवाज असून असून केवढा! माझा मार सगळा ऐकला गल्लीनं. सकाळी नळावर गेलं की बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. शालनच्या वाट्याला ते येऊ दिलं न्हाई मी!"

"त्येचा हात धरायचा की अक्का," सोनाक्का म्हणाली.

मी परत ताग्यांवर जाऊन बसले. आयुष्यात मला कुणी असं खाली बसवलं नव्हतं, आणि बसवलं ते हिनं.

केतकीनं कॅमेरा बंद करायला लावला. माझ्याशेजारी ताग्यावर येऊन बसली. "आजी, तुम्ही जे बोललात ते तुम्हाला नको असेल तर मी वापरणार नाही. वापरायचं तर ह्या कागदावर तुमची सही लागेल. ह्या घरातल्या गोष्टी आहेत. सोनाक्कांनी पहिल्या दिवशीच दिली."

सोनाक्काचा कागद वरच होता. निळा अंगठा. मला अंगठा लावायची पाळी कधी आलेली नाही, मला सही येते. मी पेन हातात घेतलं. मग माझं मलाच कळलं, की हे असंच दाखवलं की ह्या फिल्ममध्ये सोनाक्का होणार मायाळू, राजी होणार शूर, आणि वाईट तेवढी मी. हे मला सोसेना. पुढं मी जे बोलले ते मन मोठं म्हणून बोलले असं कुणी समजू नका. सोनाक्काची सरशी होऊ नये, म्हणून बोलले.

"मला कागद दाखवता. सोनाक्काचा अंगठा घेता. गाण्यात रडती कोन? तिला इचारलं का कुनी? चार दिवस तुमचा चहा कोन करतंय?"

केतकीचा चेहरा उतरला. तिनं राजीकडं बघितलं. राजी म्हणाली, "आईला त्रास नको म्हणून…"

"तरास! पुण्यामुंबईला तिचं रडनं गात फिरतीस आनि तरास नको!"

शालन दारात उभी होती. ट्रे हातात, कपांतून वाफ येत होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"गाणं चांगलं हाय," ती म्हणाली. आम्ही सगळे पुढं वाकलो, इतकं हळू. "वर स्वयंपाकघरात सगळं ऐकू येतंय. पन त्यात मी नुसती रडतीय."

"आई…"

"रडत हुते. न्हाई असं न्हाई. पन थोडं. बाकीचा वेळ शिव्या देत हुते."

"कुनाला?" मी विचारलं.

तिनं ट्रे खाली ठेवला. पदर कमरेला खोचला. बावीस वर्षांत तिनं माझ्यासमोर पदर खोचलेला मी पहिल्यांदा बघितला.

"माग चालू करा, आत्ती."

"कशाला?"

"मला मोकळ्यात ओरडता येत न्हाई. कधी केलंच न्हाई."

दाढीवाला पुढं आला. "मॅडम, बारा माग चालू झाले तर ह्यांचा एक शब्द रेकॉर्ड होणार नाही."

"नको हुंदे," शालन म्हणाली.

केतकीनं मान हलवली. मी बटनापाशी गेले. हात नेहमीच्या सवयीनं वर गेला, आणि तिथं थोडा थांबला. मग मी दाबलं.

बारा माग सुटले. पुण्यामुंबईच्या लोकांनी कानांवर हात ठेवले. शालन मधल्या वाटेत उभी राहिली आणि तिनं तोंड उघडलं. कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ गेला. ऐकू काही येत नव्हतं, पण आम्ही मागाच्या गावातली माणसं. चालू मागांवर आम्ही एकमेकांचे ओठ बघून बोलतो, तिथं सगळा संसार ओठांवर चालतो. मला शब्दन् शब्द दिसत होता. सोनाक्कालाही. आणि राजीलाही, कारण राजी माईकच्या दांड्याला धरून मटकन खाली बसली.

आधी शालननं विलासला घेतलं. आई म्हणून ते बघणं अवघड होतं, पण बघितलं. मग ती माझ्याकडं वळली. दहा मिनिटं तरी झाली असतील. मान लालबुंद झाली, अंबाडा सुटला. एकही शिवी दुसऱ्यांदा आली नाही.

मग तिनं तळहात उभा धरला. मी माग बंद केले.

"चहा गार झाला," ती म्हणाली. "परत ठेवते."

सही मी केली. शालननं पण केली, वळणदार, एका झटक्यात.

फिल्म आधी मुंबईत दाखवली. केतकीचा फोन आला. म्हणाली, शालनताईंच्या दृश्याला लोक रडले. इतकी वर्षं दाबलेला बाईचा आवाज, मागांखाली पुरलेला, असं सगळे म्हणत होते. ती काय बोलली ते खाली अक्षरांत घालायचं का, असं तिनं शालनला पुन्हा पुन्हा विचारलं होतं. शालन म्हणाली, "ज्याला कळायचं त्याला कळंल."

मग आमच्या गावात दाखवली, नाट्यगृहात. पुढच्या पाच रांगा मागवाल्या बायांच्या. माझा तुकडा आला आणि गेला, अर्ध्या मिनिटाचा, 'मीच दाबलं'. मग पडदाभर शालनचा चेहरा आणि बारा मागांचा आवाज.

मुंबईत म्हणे टाचणी पडली तरी ऐकू आलं असतं. इथं तिसऱ्या रांगेतली एक बाई फस्सकन हसली. मग दुसरी. मग कुणीतरी टाळी दिली, कुणी शिट्टी मारली. मग शालन पडद्यावर माझ्याकडं वळली आणि त्या पाच रांगांतली डोकी एकेक करून मागं फिरली. सगळ्या बघत होत्या मला. मी ताठ बसले होते. शेजारी सोनाक्का, गजरा माळून. तिच्याकडं त्या दिवशी कुणीच बघत नव्हतं आणि त्याचं मला काहीही सुख झालं नाही.

कारण त्या शिव्यांत एक शब्द होता. माझ्यासाठी. कारखान्यात बघितला तेव्हा मला वाटलं, ओठ चुकले असतील. पडद्यावर तो हातभर मोठा दिसला. काय होता ते मी लिहिणार नाही. साठ वर्षं मी भांडत आले, नळावर, बाजारात, भावकीत, कोर्टाच्या पायऱ्यांवर. असला शब्द मला कधी सुचला नव्हता. कुणाच्या तोंडून ऐकलाही नव्हता. माझ्या अंगाला तो शिंप्यानं माप घेऊन शिवल्यासारखा बसत होता. रात्रभर मी तो तोंडात घोळवला आणि जळत राहिले.

सकाळी शालन चहा गाळत होती. मी दाराला टेकून उभी राहिले.

"शालन, तो शब्द कुठनं आणलास? माहेरचा हाय व्हय तुझ्या?"

"न्हाई आत्ती." तिनं गाळणी झटकली, कप माझ्यापुढं ठेवला. "तुमच्यासाठीच केला. पयल्या झटक्यात जमला न्हाई. चार-पाच वर्सं गेली त्यात."